बुधरी शेवटी काय सांगते

१४ जानेवारी १९५८, मंगळवार. आलापल्ली

नाही म्हणालो. तीनदा नाही म्हणालो! तरी उद्या सोंग मलाच काढायचं आहे.

गणप्याचं काम करणारा आमचा नट हिवतापाने कुडकुडत सकाळच्या मोटारीने चांद्याला परत गेला. गणप्या म्हणजे नाटकातला बावळट. देवी टोचणाऱ्याला घाबरून धानाच्या ढोलीत लपतो आणि ढोलीसकट गडगडतो. गुणवंतराव म्हणाले, "नाटक तुमीच लिवलं ना मास्तर? तं मंग पाठच असन तुमाले." गुणवंतराव आमचे म्होरके. जन्मभर दंडारीत नाचले, त्यांना कशाची लाज! मी मूल गावच्या शाळेतला मास्तर. नाटक बरं उतरलं म्हणून आरोग्य कचेरीने तीन महिने या देवी टोचायच्या पथकाबरोबर पाठवलं — लेखक म्हणून. ढोलीत शिरायला नव्हे.

१५ जानेवारी

स्वतःचीच वाक्यं विसरलो. पथकातल्या गुलाम रसूलने ढोलकी वाजवून वेळ मारून नेली. नंतर म्हणतो, "मास्टर, तुम तो खंबे जैसे खड़े थे." खांब!

१९ जानेवारी, रविवार. एटापल्ली

आज बाजाराचा दिवस. दुपारी मोठ्या मोहाच्या झाडाखाली खेळ लावला. दोनेकशे माणूस जमलं असेल. कोणी हसलं नाही, कोणी उठूनही गेलं नाही. नुसते बघत राहिले. मराठीच कळत नाही त्यांना! मी दीड वर्ष खपून लिहिलेले संवाद — झाडाला सांगितल्यासारखे.

खेळ संपला की लच्छूभाऊ पेटी उघडून बसतात. ते देवी डॉक्टर. सिरोंच्याकडचे, अबोल माणूस. आज तिघांनी दंड पुढे केला. तिघेही सरकारी चपराशी.

२२ जानेवारी

गुणवंतरावांनी एक माडिया बाई आणली आहे, बुधरी. चाळिशीची असेल. आलापल्लीच्या लाकूड डेपोत सहा वर्षं होती, तिथे मराठी शिकली. आम्ही बोलायचं, तिने बाजूला उभं राहून गोंडीत सांगायचं.

मला म्हणाली, "तू सांग, मंग मी सांगतो." मास्तराला तू!

पण आज काय झालं ते लिहितो. मी एक वाक्य बोललो, ती चार बोलली, आणि माणसं हसून हसून लोळली. बाया पदर तोंडात कोंबून हसत होत्या. एवढं विनोदी मी काही लिहिलेलंच नाही! मग शेवटी, मी ढोलीसकट पडल्यावर, ती पुढे जाऊन सावकाश काहीतरी बोलली. सगळे गप्प. नंतर लच्छूभाऊंच्या पेटीपुढे रांग लागली. एक्केचाळीस!

गुणवंतराव नाचायचे तेवढे राहिले. मला मात्र जेवण गेलं नाही.

२३ जानेवारी

ती सांगते काय? गुलाम रसूलला विचारलं. "मुझे क्या मालूम? मैं तो हाथ देखता हूँ, हाथ अच्छे चलते हैं उसके."

मग तिलाच विचारलं. नदीवर भांडी घासत होती. "तुहंच सांगून राह्यली," म्हणाली. मान वर केली नाही.

माझंच कसं? माझ्या नाटकात चाळीस वाक्यं आहेत. ती दोनशे बोलते.

२७ जानेवारी

कळलं! कळलं नसतं तर बरं झालं असतं.

आज एक वनरक्षक खेळाला होता. दोन्ही भाषा येतात त्याला. माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता. खोदून विचारलं तेव्हा बोलला. ती सांगते — हा बघा, दूर मूलहून आला. इतकी पुस्तकं वाचली, पण धोतर नेसायला अजून माय लागते. सुईला भिऊन कणगीत शिरला, आता उंदीर याला शिकवतील.

म्हणजे माणसं गणप्याला हसत नाहीत. मला हसतात.

कचेरीला चिठ्ठी लिहिली. प्रकृतीचं कारण दाखवलं. बैलबंडी गुरुवारी जाते, तिच्याबरोबर देईन.

३० जानेवारी, गुरुवार

बंडी गेली. चिठ्ठी खिशातच राहिली. का, ते विचारू नये.

१ फेब्रुवारी. सूरजागडच्या पायथ्याला

आज ढोलीचं बूड खरोखर फुटलं. मी कमरेपर्यंत खाली, वर ढोली अडकलेली, पाय चालताहेत. सुरी बघून पळणाऱ्या कोंबड्यासारखा मी भर चौकात धावत सुटलो! बुधरी काय बोलली कोण जाणे, पण एक म्हातारा हसता हसता रडायला लागला.

आणि मी थांबलो नाही. आणखी एक फेरी मारली. मुद्दाम.

गुणवंतराव संध्याकाळी म्हणाले, "आज सोंग झालं, मास्तर. आतापावतर तुमी कवायत करून राह्यले होते." मी चिडायला हवं होतं.

५ फेब्रुवारी

बुधरीकडून गोंडी शिकतो आहे. येर म्हणजे पाणी. कय म्हणजे हात. माझी जीभ ऐकून तिला हसू आवरत नाही. "तुह्या तोंडात दगड हाय का रे?" आज 'तू' खटकलं नाही. खटकलं नाही हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

पण एक गोष्ट टोचते. हसण्याचा भाग मला थोडा थोडा कळू लागला आहे. शेवटचा नाही. ती हळू बोलते, आणि तेव्हा मी ढोलीत असतो.

९ फेब्रुवारी, रविवार

शेवटी ती काय सांगते, ते लच्छूभाऊंना विचारलं. त्यांना गोंडी येते, हे मला इतके दिवस सुचलंच नव्हतं.

सुया पुसून पेटीत ठेवल्या. मग म्हणाले, "ते आपल्या लेकराईचं सांगते."

कोणत्या लेकरांचं?

"दोन होते तिले. सहा वर्षांमांगं मी त्याईच्या गावात गेलतो पेटी घेऊन. मले पाहून हे बाई दोघाईले घेऊन जंगलात पळाली. तीन दिवस लपून राह्यली. मी वाट पाहून निंगून गेलो. महिन्याभरात देवी आली गावात. दोघंही गेले."

पुढे म्हणाले — "रोज सांगते लोकाईले. माह्याकडं बोट करून सांगते. या माणसाले पाहून मी पळाली होती, तुमी पळू नोका."

"आणि तुम्ही रोज तिथेच बसता?"

"कुठी जाऊ? चौथ्या दिवशी थांबलो असतो तं…"

पेटी बंद करून निघून गेले.

१० फेब्रुवारी

ती हे सांगत असते तेव्हा मी ढोलीत बसून अंगावरचा भुसा झटकत असतो. आणि हसू किती आलं ते मोजत असतो.

आज खेळ नव्हता. दिवसभर नुसता चाललो. नाल्यापर्यंत, परत, पुन्हा नाल्यापर्यंत. चिठ्ठी चुलीत टाकली.

१४ फेब्रुवारी

आज ती अर्ध्यावर थांबली. हसवण्याचं सगळं झालं, पुढे आली, तोंड उघडलं, आणि परत फिरून झाडामागे जाऊन बसली. लोक वाट बघत राहिले. सहा जणांनी टोचून घेतलं. सहाच.

गुणवंतराव तिच्यापुढे उकिडवे बसले. "बाई, काऊन थांबली?"

"रोज रोज माती द्या लागते लेकराईले. आता नाई होत."

"पुढं सात गावं हायेत. पयल्याच गावात दोघाईले देवी आली म्हणतात."

बुधरीने माझ्याकडे बघितलं. "मास्तर सांगन. त्याले येते आता."

येते कुठे! पाणी, हात, झाड, ये, जा! मी म्हणालो, मला हसवता येतं, हे नाही येणार. ती म्हणाली, "हसवताही कुठं येत होतं तुले?"

१५ फेब्रुवारी

तिने गोंडीत एकदाच सांगितलं, सगळं, मी तिच्यामागून म्हटलं. कुठल्या झाडाखाली लपली, काय खाल्लं, धाकटीने पाणी मागितलं ते. आवाज हलला नाही तिचा. माझाच हलला.

रात्रभर तेच घोकतो आहे. शाळेची तपासणी असली तरी इतकं घोकत नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी खेळ झाला. गावात शिरतानाच दोन दारांवर निंबाच्या डहाळ्या बांधलेल्या दिसल्या, म्हणजे आत देवी आलेली. हसले लोक, पण थोडे. मी ढोलीतून बाहेर आलो. भुसा तसाच अंगावर. बुधरी आता लांब जाऊन उभी होती, पाठ करून.

सांगायला लागलो. दोनदा शब्द विसरलो. कोणी हसलं नाही. पोरांनीसुद्धा नाही. लच्छूभाऊंकडे बोट करायची वेळ आली तेव्हा हात उचलेना, तर त्यांनीच मान डोलावली — कर म्हणून.

संपलं. पुढे बसलेल्या एका म्हातारीने काहीतरी विचारलं. एवढं कळलं — लेकरं कोणाची? मला सांगायचं होतं, तिची. तोंडातून गेलं, माझी.

चूक झाली हे मला लगेच कळलं. दुरुस्त करता आली असती, शब्द ठाऊक होता. पण म्हातारी उठली, माझ्या गालावरचा भुसा बोटाने काढला, आणि नातवाला पुढे घालून पेटीकडे गेली. तिच्यामागून सगळं गाव.

मी तसाच उभा राहिलो. दुसऱ्याच्या दुःखावर उभा असल्यासारखा. लच्छूभाऊंनी ऐकलं होतं. बुधरीनेही ऐकलं असणार.

१८ फेब्रुवारी

सकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो. म्हणालो, काल खोटं बोललो. पुढल्या गावात तुझी म्हणूनच सांगतो.

ती चुलीत काटक्या सारत राहिली. मग म्हणाली, "राहू दे तुहीच. पण आपल्या लेकराईची नावं तं माहीत पाहिजे ना तुले."

सांगितली. सहा वर्षांत कुणापाशी उच्चारली नव्हती म्हणाली.

दोन नावं. इथे लिहीत नाही.