धाकट्याच्या त्रेचाळीस ओळी

३ मार्च, सोमवार

हाकललं! म्हणजे मला नाही, माझ्या फोल्डरला. पण गोष्ट तीच.

साहेब मीटिंगमध्ये म्हणाले, "भाषांच्या स्क्रिप्ट मुख्य सॉफ्टवेअरमधून बाहेर काढायच्या. वेगळा प्रोजेक्ट करायचा. ओपन सोर्स! कुणीही बघा, कुणीही घ्या, कुणीही दुरुस्त करा!" आणि हात असे पसरले की बाजूच्याचा चहा सांडला.

आमचं सॉफ्टवेअर ग्रंथालयांसाठी. एकोणीस भाषांत चालतं. एकेका भाषेची अक्षरं, भाषांतरं, पुस्तकं कुठल्या क्रमाने लावायची त्याचे नियम — हे सगळं गोळा करून त्याचं नीट पुडकं बांधायचं, म्हणजे ग्रंथालयाने ते उचलून आपल्या कॉम्प्युटरवर टाकलं की झालं. एवढंच काम ह्या स्क्रिप्ट करतात. बारा वर्षं मी ही पुडकी बांधते आहे. आता एका भाषेत एक स्वल्पविराम बदलला तरी एकोणीस भाषांना अख्खं सॉफ्टवेअर नव्याने पाठवावं लागतं, हे खरंच. साहेबांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. म्हणून तर जास्त राग आला.

मुदत ३१ मार्च.

४ मार्च, मंगळवार

दिवसभर साफसफाई. स्क्रिप्टमध्ये मध्येमध्ये आपण आपल्यासाठी टिपा लिहून ठेवतो ना — त्या आता जग वाचणार! "हे का चालतं माहीत नाही. हात लावू नये." — मी. "साहेबांच्या हट्टापायी. माझा विरोध नोंदवावा." — मीच. एका ठिकाणी नुसतंच "अरे देवा." तिथलं काम बघता दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. तसंच ठेवलं.

मग उजवीकडून डावीकडे लिहितात त्या भाषांचा भाग उघडला. त्रेचाळीस ओळी. वर टीप: "तायडी म्हणाली हे चालणार नाही. चाललं."

बंद केलं. उद्या बघू.

५ मार्च, बुधवार

कंपनीच्या वकीलबाई आल्या. बाई चहा न पिता दीड तास बोलू शकतात. सार असं की ज्या ज्या माणसाने ह्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ जरी लिहिली असेल, त्याची लेखी संमती हवी. जुन्या करारपत्रांत ते कलमच नव्हतं — तेव्हा आम्ही सहा जण एका खोलीत बसायचो, कलमं कोण लिहिणार! एकाने जरी नाही म्हटलं किंवा उत्तर दिलं नाही, तर त्याच्या ओळी काढून टाकायच्या आणि नव्याने लिहायच्या.

"आणि नाव?"

"नावही जाईल. ओळी नाहीत तर नाव कशाला?"

माझ्याखेरीज अकरा जण निघाले. अकराही जणांना विनंतीची मेल एकदम मशीननेच पाठवली. बरं झालं. अकरावं नाव हाताने लिहावं लागलं नाही.

अकरावा म्हणजे आमचा धाकटा. माझा सख्खा भाऊ.

६ मार्च, गुरुवार

एकदाचं लिहूनच टाकते, निदान वहीला तरी माझी बाजू कळू दे.

त्याला ह्या कंपनीत मी आणला. चार वर्षं शेजारी बसलो. हुशार आहे, नाकारत नाही. पण भर मीटिंगमध्ये उभा राहून म्हणाला, "ताईचा भाग पहिल्यापासून लिहायला हवा, फार जुनाट झालाय." जुनाट! घरी सांगता आलं नसतं? आदल्या संध्याकाळी आईकडे दोन तास समोर बसला होता, पाय पसरून!

मग मी म्हणाले, "मी चिकटवलं म्हणून इथे चिकटलास. नाहीतर कोण विचारत होतं?" वीस माणसांसमोर म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्याने नोकरी सोडली. चार वर्षं झाली. त्याचे दोन फोन आले होते तेव्हा, मी उचलले नाहीत. मग बंद. दोनच! सख्ख्या भावाने निदान दहा तरी करावेत.

माझं बोलणं जरा जास्त झालं, मान्य. पण सुरुवात त्याची.

८ मार्च, शनिवार

आईकडे. आईने आम्हांला शिफ्ट लावून दिल्या आहेत — मी शनिवारी, तो रविवारी. मला त्याचं उष्टं पेपरातलं कोडं मिळतं, मागच्या आठवड्याचं. मुद्दाम सोपे शब्द सोडून ठेवतो. की येतच नाहीत त्याला?

आईला म्हटलं, ऑफिसच्या कामासाठी त्याची संमती हवी आहे, तू जरा... वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "मी तुमची पोस्टमन नाही. तुमचं तुम्ही बघा." आणि दाणकन कुकर ठेवला.

१२ मार्च, बुधवार

सात संमती आल्या. एक जण आता पोहायला शिकवतो, एकीने रोपवाटिका काढली आहे. तिने लिहिलंय, "ती स्क्रिप्ट अजून जिवंत आहे?? संमती आहे, आणि सहानुभूतीही."

एका गृहस्थांनी बारा वर्षांत एकच पूर्णविराम दिला होता. एक! त्यांचं दोन पानी उत्तर आलं — योगदानाचा उचित उल्लेख व्हावा, आडनाव पूर्ण लिहावं. लिहीन बाबा. आडनावापुढे पूर्णविरामही देईन.

१४ मार्च, शुक्रवार

दहा झाल्या. अकरावी नाही.

नवरा म्हणाला, "फोन कर की. दोन मिनिटांचं काम."

म्हटलं, "हा पूर्णपणे तांत्रिक प्रश्न आहे."

तो हसला आणि वर्तमानपत्र वर धरलं. पेपरामागे खांदे हलताना दिसत होते!

१७ मार्च, सोमवार

ठरलं. मीच लिहिते त्या त्रेचाळीस ओळी. त्याच्यापेक्षा चांगल्या. तीसमध्ये बसवते की नाही बघा!

वकीलबाईंनी बजावलं, "त्याच्या ओळी बघून लिहायचं नाही हं. ती नक्कल होईल."

"बघायची गरजच नाही, मला पाठ आहेत."

"मग विसरा."

कसं विसरायचं ते कलम काही त्यांनी दिलं नाही.

१९ मार्च, बुधवार

पहिला प्रयत्न. एकवीस ओळी! दुपारी चाचणीला पाठवल्या. उजवीकडून लिहितात अशा एका भाषेच्या ग्रंथालयातले ग्रंथपाल आमच्यासाठी हौसेने चाचणी करतात. फार सभ्य माणूस. संध्याकाळी उत्तर आलं. आपल्या बोलीत त्याचा अर्थ असा: "सर्व काही छान दिसत आहे. फक्त आमच्याकडची बरीचशी पुस्तकं अजून छापायची आहेत असं कळलं. वाट पाहू."

गडबड अशी की त्या भाषांत अक्षरं उजवीकडून डावीकडे जातात, पण आकडे मात्र डावीकडून उजवीकडे. मी आकडेही उलटे केले. १९८७ सालचं पुस्तक ७८९१ साली प्रसिद्ध होणार.

धाकट्याला हे माहीत होतं. कुठून माहीत होतं त्याला? मला कधी बोलला नाही. की बोलला होता आणि मी ऐकलं नव्हतं?

२१ मार्च, शुक्रवार

दुसरा प्रयत्न. अडतीस ओळी. आकडे सुलटे झाले, कंस उलटे झाले. ग्रंथपाल: "आपण प्रगती करत आहात." असं बोलतात ना, नापास होणाऱ्याच्या आईशी.

साहेब सारखे येऊन खुर्चीमागे उभे राहतात. "काय, होतंय ना?" होतंय, होतंय. उलटं होतंय.

२२ मार्च, शनिवार

आईकडे. आज आई बोललीच.

"किती ताणशील गं? काळीज आहे की दगड?"

"मी ताणते? मी?! त्याने चार वर्षांत एक शब्द तरी..."

आईने माझ्याकडे असं पाहिलं की मला शाळेतलं आठवलं — मी अभ्यास केला असं सांगायचे आणि तिने वही आधीच पाहिलेली असायची. मग म्हणाली, "तुझ्यापुढे हात टेकले बाई," आणि वाळलेले कपडे घेऊन आत गेली.

म्हणजे आई त्याच्याच बाजूची. पहिल्यापासून होती. लहानपणी खिडकीची काच त्याने फोडली तरी विचारणा मलाच व्हायची, तू कुठे होतीस म्हणून. परतताना बसमध्ये डोळे भरून आले. रागाने.

२५ मार्च, मंगळवार

चौपन्न ओळी. चालत नाही.

२६ मार्च, बुधवार

एकसष्ट ओळी. चालत नाही, आणि आता डावीकडून लिहायच्या एका भाषेलाही चालेनासं झालं. तिचा काय दोष?

२७ मार्च, गुरुवार

चाललं! सत्त्याऐंशी ओळी! त्याच्या दुप्पट, आणि दिसायला अगदी चिंध्यांची गोधडी, पण चाललं! ग्रंथपालांची मेल: "पुस्तकं आपापल्या शतकात परत आली. अभिनंदन!" मी खुर्चीत गोल फिरले. साहेबांनी पाहिलं, बघू देत.

आता कुणाच्या संमतीची गरज नाही. कुणापुढे तोंड वेंगाडायचं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

आज त्याच्या ओळी काढल्या. त्रेचाळीस. बटण दाबलं की एका सेकंदात जातात.

मग नावांची यादी. कुणी कुणी हातभार लावला त्याची, बारा नावं. त्यातून त्याचं काढायचं. नावावर कर्सर नेला. नेला आणि बसून राहिले. पूर्णविरामवाल्यांचं नाव आहे, आडनावासकट. आणि ज्याने शेजारी बसून, माझ्याच डब्यातलं खात, मी "चालणार नाही, चालणार नाही" करत असताना हे सगळं चालवून दाखवलं, त्याचं नाही?

वकीलबाईंना फोन केला. ओळी नसल्या तरी नाव ठेवता येईल का?

"त्यांनी हो म्हटल्याशिवाय नाही. अहो, विचारा ना त्यांना! इतकं काय आहे?"

काढलं. ठीक आहे. पण मला वाईट वाटतंय, फार वाईट वाटतंय. जिंकल्यावर असं वाटतं होय?

३० मार्च, रविवार

काल आईकडे गेले नाही, डोकं दुखतंय म्हणून कळवलं. आज गेले. हो, रविवारी! वळणापर्यंत गेले. दारात त्याची स्कूटर. तीच, डावा आरसा फुटलेलाच. वरून त्याचं हसणं ऐकू आलं, ते ढगफुटीसारखं गडगडतं.

जिन्याच्या तीन पायऱ्या चढले. मग वाटलं — एक संमती मागितली, तिलाही साधं हो-नाही कळवलं नाही त्याने. पंचवीस दिवस! मी वर जाऊन काय सांगू? बाबा रे, तुझं नाव मी परवाच पुसलं?

खाली उतरले. येताना पाव घेतला, म्हणजे बाहेर कशाला गेले होते ते सांगता आलं. नवऱ्याने पावाकडे पाहिलं, डब्यातल्या सकाळच्या पावाकडे पाहिलं, आणि दोन्ही एकाच डब्यात ठेवले. भला माणूस आहे.

३१ मार्च, सोमवार

वकीलबाईंना फाइलला लावायला सगळ्या संमती एकत्र हव्या होत्या. मेलमध्ये "संमती" शोधलं. दहा यायला हव्यात. अकरा आल्या.

"संमती आहे, तायडे. मधल्या एका ओळीतली चूक तुझी आहे, माझी नाही, तेवढं जगाला सांग. आता तरी बोल." ५ मार्च. माझी मेल गेल्यावर नऊ मिनिटांनी.

एका कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये पडली होती. तिथे पाठवायचा नियम मीच लिहिलेला, भांडण झालं त्याच संध्याकाळी, रागाच्या भरात: ह्याच्याकडून काहीही आलं तरी मला न दाखवता बाजूला टाक. लिहिला आणि विसरून गेले. चार वर्षं एकदाही चुकलेला नाही. माझ्या हातून इतकं बिनचूक दुसरं काहीच लिहिलं गेलेलं नाही.

आत एकशे बारा मेल आहेत. पहिली भांडणाच्या दुसऱ्या दिवशीची: "तायडे, चुकलो. फोन उचल ना."

साहेबांना सांगितलं, प्रोजेक्ट आज निघणार नाही. मला मेल वाचायच्या आहेत.