तिसरा दिवा

दि. ९ मार्च, रविवार

प्रिय दादा,

तुला, वहिनीला आणि दवाखान्यातल्या तुझ्या त्या कुरकुरणाऱ्या खुर्चीला नमस्कार. मी मजेत आहे. परीक्षेच्या वह्या तपासून बोटं दुखताहेत, तरी बघ अक्षर कसं टपोरं काढलंय. दोन पानांत मावलं असतं ते आता पाच-सहा पानं खाणार, खाऊ दे. एक अट आहे. पत्र तू स्वतः वाचायचं. वहिनीला वाचून दाखवायला सांगायचं नाही.

फोन का नाही केला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि समोर असले की आधी माझ्या तोंडात कापूस कोंबतोस आणि मग विचारतोस, "काय गं, शाळा कशी चाललीय?" जन्मभर माझ्या वाट्याला 'आं आं' एवढंच आलंय. म्हणून आज हे पत्र संपेपर्यंत कापूस तुझ्या तोंडात आहे असं समज. चूळ भरायला मध्येच उठायचं नाही.

तू सांगितलेलं काम केलंय. "तिकडच्या दाताच्या दवाखान्यात जातेच आहेस तर दिवा कुठल्या कंपनीचा आहे ते बघून ये, मला आता तिसरा मागवायचाय," हा तुझा निरोप ऐकला. (हल्ली तू लिहीत नाहीस, नुसते आवाज पाठवतोस.) दिवा पाहिला. त्याचं नंतर. आधी दाताचं सांगते.

ग्रुपवर मी फक्त 'दाढ दुखतेय' एवढंच टाकलं होतं. झालं असं, की मधल्या सुट्टीत सफरचंद खाल्लं आणि सातवीच्या वर्गावर गेले. अपूर्णांक शिकवत होते. अंश वर, छेद खाली, आणि जिभेला खडा लागला. हळूच रुमालात घेतला तर दाताच्या रंगाचं सिमेंट. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलंच, "टीचर, काय झालं?" म्हटलं, "काही नाही, पूर्णातून एक भाग वजा झाला." वर्ग हसला. मला पुढचा तासभर गार हवासुद्धा लागू देववेना.

मला वाटलं, शाळेने आरोग्य विमा काढून दिलाय, म्हणजे दात त्यात आलेच. छे! कार्यालयातल्या बाईंनी मला समोर बसवून समजावलं, की शरीर एका विम्यात, दात आणि डोळे दुसऱ्या. मी विचारलं, "का हो, दात शरीरात नसतात?" त्या म्हणाल्या, "असतात, पण विम्याच्या हिशेबाने ते वेगळे राहतात." वेगळे राहतात! थोरल्या सुनेने चूल वेगळी मांडावी तसे. तू मला लहानपणापासून 'चौकशी खिडकी' म्हणतोस ना, ती मग उघडलीच. हिरड्या कोणाकडे? दातांकडे. जबडा? तो शरीराकडे. आणि जीभ? बाई म्हणाल्या, "विचारून सांगते." अजून त्यांचं उत्तर आलेलं नाही.

याहून गंमत म्हणजे पडून दात मोडला तर तो अपघात, तो शरीरात धरतात. आपल्या आपण किडला तर तो दात. हे ऐकून आमचे विज्ञानाचे सर चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मग जिन्यावरून पडा की. फार वरून नको, शेवटच्या पायरीवरून." डेंटिस्टची बहीण आणि तिचीच दाढ फुटकी, दिव्याखाली अंधार, अशीही चेष्टा झाली. सगळे हसले, मीही हसले.

पण कागदपत्रं काढून पाहिली तर दात-डोळ्यांचा तो दुसरा विमाही माझ्या नावावर होता! नोकरीला लागले त्याच आठवड्यात सगळ्यांबरोबर मीही सही ठोकली होती. एवढी वर्षं त्याला हात लावला नाही, कारण घरचा डॉक्टर असताना परक्यापुढे 'आ' कशाला करायचा? वर्षभराची सगळी दुखणी मी सुट्टीपर्यंत सांभाळून ठेवायचे. बॅगेत तुमच्यासाठी खाऊ आणि तोंडात तुझ्यासाठी काम, असंच येत होते ना मी दरवर्षी.

या वेळी सुट्टीला अजून बराच अवकाश होता. गेले इथल्या डॉक्टरीणबाईंकडे.

बाई उंच, हसऱ्या, आणि काम करताना नाकातल्या नाकात गुणगुणतात. तुझ्यासारख्या बोलत नाहीत. समोर भिंतीवर एक पडदा आहे. त्यांनी बोटाएवढा कॅमेरा तोंडात घातला आणि पडद्यावर माझं तोंड दिसायला लागलं. दादा, मी खुर्चीत उठूनच बसले! तोंड माझं, पण आजवर पाहिलं ते तूच. मी आरशात फार तर पुढचे चार दात बघितलेले. मागे एवढं मोठं बिऱ्हाड आहे ते मला कुठे ठाऊक! मी एकेका दाताकडे बोट दाखवून विचारत सुटले. बाईंनाही मजा वाटली असावी. त्यांनी गुणगुणणं थांबवून सगळं दाखवलं.

ती चांदी भरलेली उजवीकडची दाढ आठवते? तुझी पहिली. कॉलेजात तुला पेशंट मिळेना, परीक्षा तोंडावर आलेली, आणि तू मला "फक्त बघतो" म्हणून खुर्चीत बसवलंस. आई बाहेर देवाचं नाव घेत होती. माझ्यासाठी नव्हे, तू पास व्हावास म्हणून. बाईंनी ती दाढ बराच वेळ पाहिली. "थोडी ओबडधोबड आहे, पण पक्की. अजून हललेली नाही." मग पुढची, तिच्या पुढची. प्रत्येक ठिकाणी त्या मान डोलवत होत्या. "कोण हो तुमचा डॉक्टर? कडा बघा, कुठे जोड आहे ते नखालाही लागत नाही. हल्ली एवढ्या निगुतीने कोण करतं?"

माझ्या तोंडात त्यांची नळी होती, म्हणून सांगता आलं नाही. पण ऊर असा भरून आला, की काय सांगू! तुझी सगळी डॉक्टरी माझ्या जबड्यात ओळीने मांडलेली होती आणि एक परकी बाई तिला शाबासकी देत होती. तू तिथे असायला हवा होतास.

वहिनीच्या गुडघ्याचं काय झालं? आणि कुंडीतल्या लिंबाला फळ धरलं का? मागे तिने फोटो पाठवला होता त्यात फुलं खूप होती. तुमचे कंपाउंडर काका अजून पेशंटना नंबराऐवजी दाताच्या नावाने हाक मारतात का? "चला, अक्कलदाढ, आत या!"

बघ, मी लिहायचं टाळतेय. तुझ्या लक्षात आलंच असेल.

बाई शेवटी डावीकडे आल्या. गेल्या सुट्टीत तू केलेल्या त्या दोन दाढा. त्यातलीच एक फुटली होती. बाईंनी एक्स-रे काढला, पुन्हा पाहिला, माझ्या तोंडातली नळी काढली आणि विचारलं, "आणि हे? हे कोणी केलं?"

मी विचारलं, "का?"

"भरलेलं कडेला टेकलेलंच नाही. फट राहिलीय, आत कीड गेलीय. दुसरीचीही तीच गत. तो आधीचा डॉक्टर असं करणार नाही. हा कोणी वेगळा असणार."

मी म्हटलं, "हो. वेगळाच होता."

मला दुसरं काही सुचलं नाही, दादा. आपलेच दात, आपलेच ओठ. मी तुला परकं केलं आणि घरी येऊन रडले.

त्या दिवसापासून गेली सुट्टी डोळ्यांपुढून हलत नाहीये. तू माझ्यावर इतका वाकलास, की तुझं कपाळ माझ्या कपाळावर आपटलं, आणि आपण दोघं हसलो. दाताचा रंग जुळवायच्या पट्टीवरचा नंबर तू काकांना वाचायला सांगितलास. रात्री गाडी चालवायला नको म्हणून लग्नाच्या जेवणाला आपण न जेवताच परतलो. आणि दिवा! येता-जाता तू त्या दिव्याच्या नावाने बोटं मोडत होतास. पहिला मंद पडला म्हणून काढला, दुसरा आणला, तर तो पिवळट. इलेक्ट्रिशियनला तू काय काय बोललास! मी चेष्टेत म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं." एरवी तू मला चार शब्द परत केले असतेस. त्या दिवशी तू हसलाही नाहीस. हात धुवायला निघून गेलास.

दातांबरोबर डोळ्यांचाही विमा आहे, तर तोही वापरून बघू, म्हणून मी डोळे तपासायला गेले. खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांसाठी गेलेच नव्हते. तपासणाऱ्या गृहस्थांना मी म्हटलं, "एक विचारू? माणूस बारीक काम करणारा आहे. त्याला हल्ली दिवे मंद आणि पिवळे वाटतात." ते लगेच म्हणाले, "वय?" मी सांगितलं. म्हणाले, "मोतीबिंदू असू शकतो. तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण तो इतका हळू येतो, की माणसाला आपल्या डोळ्यावर संशयच येत नाही. माझ्याकडे येणारे बरेच जण आधी घरातले बल्ब बदलून आलेले असतात."

मला आधी हसू आलं. मग ते गेलं.

आता तुझं काम. डॉक्टरीणबाई हातमोजे काढायला वळल्या तेव्हा मी खुर्चीत आडवी होऊन दिव्याखाली मान घातली आणि खालच्या पट्टीवरचं नाव वाचलं. नंबरही वाचला. घरी येऊन वहिनीने पाठवलेल्या तुझ्या नव्या दिव्याच्या फोटोशी ताडून पाहिला.

दिवा तोच आहे, दादा. तीच कंपनी, तोच नंबर. माझ्या तोंडात त्याचा लख्ख उजेड पडला होता.

रागावलास? रागाव. पण कापूस अजून काढायचा नाही, माझं संपलेलं नाही. तू डॉक्टर आहेस. मोतीबिंदू म्हणजे काय ते तुला मी सांगावं असं काही नाही. म्हणूनच मला भीती वाटते. तुला कळलेलं नाही याची नव्हे, कळलंय आणि तू दिवे बदलत बसला आहेस, याची. माझी दाढ फुटली, मी बहीण आहे, मी पत्र लिहिलं. पण तुझ्या खुर्चीत रोज माणसं डोळे मिटून तोंड उघडतात. त्यांच्या तोंडात कापूस असतो, ती बोलणार नाहीत. उद्या सुई नको तिथे गेली तर? तुझा हात चुकला असं कोणी म्हणेल आणि ते मला ऐकावं लागेल, ते मला सहन होणार नाही. तुझा हात चांगला आहे. बाईंनी सांगितलंय, आणि त्यांना तू माझा कोण हे माहीतही नव्हतं.

तिसरा दिवा मागवला असशील तर नको म्हणून कळव. डोळ्यांच्या डॉक्टरकडे या आठवड्यातच जा. वहिनी दरवर्षी न चुकता हप्ता भरते तो तुझा विमा आहेच. तू "डॉक्टरला कसला विमा" म्हणून तिची थट्टा करतोस, ती थट्टा आता पुरे. तुमच्याकडे डोळे शरीरातच धरतात का, तेवढं तिला विचारायला लाव. तिला यातलं मी काही बोललेले नाही. आधी तुला, तेही तुझ्या एकट्याला. अक्षर एवढं मोठं का काढलं ते आता कळलं असेल.

आणि डोळा नीट होईपर्यंत मशीन हातात धरू नकोस. दवाखाना बंद ठेवलास म्हणून कोणी तुला विसरणार नाही. एवढी माझी शपथ समज.

त्या दोन्ही दाढा बाईंनी पुन्हा भरल्या. पहिल्यांदाच दुसऱ्या कोणाचा हात माझ्या दाताला लागला. छान केल्यात, दुखलं नाही, तरी जीभ सारखी तिथे जाते आणि तिला ते घर आपलं वाटत नाही. तुझ्या त्या ओबडधोबड पहिल्या दाढेबद्दल त्या म्हणाल्या, "हीही काढून नवी करू का? विम्यात बसते." मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आणखी एक. वरच्या दाढेत त्यांना कीड सापडली आहे, अगदी सुरुवातीची. "आत्ताच भरून टाकू?" म्हणाल्या. मी विचारलं, थांबेल का? म्हणाल्या, सुट्टीपर्यंत सहज थांबेल. मी म्हटलं, मग राहू दे. ती आमच्या डॉक्टरांसाठी ठेवते. कोणते डॉक्टर, असं त्यांनी विचारलं. या वेळी तोंडात नळी नव्हती. मी सांगितलं, सगळे दात ज्याने भरले तोच. माझा भाऊ.

त्यांनी डावीकडच्या दाढांचं काही विचारलं नाही. फक्त कागदावर लिहिलं, 'राखीव'.

सुट्टीत येते आहे. आल्या आल्या खुर्चीत बसून 'आ' करीन. तू नीट बघ आणि मगच हात घाल.

तुझी पहिली पेशंट, आणि ऑपरेशननंतरचीही पहिली,

चौकशी खिडकी