दुखणं माझं, मत फिजिओबाईंचं

११ मार्च
नव्या मॅनेजरने कागदाचा गठ्ठा उचलायला दोन माणसं बोलावली. मी एकट्याने उचलला. वय त्रेपन्न. प्रेसमधले सगळे बघत होते. कमरेत कट् असा आवाज आला. गठ्ठ्यातून आला असावा.

१२ मार्च, सकाळी
गठ्ठ्यातून नव्हता. दात घासायला वाकलो तो तसाच राहिलो. बायकोने सरळ केलं. डॉक्टर म्हणाले, स्नायू दुखावलाय, दुखणं म्हणजे शरीराचा अलार्म. दोन-चार दिवस जपा, मग हळूहळू कामाला लागा. ‘जपा’ हे नीट लक्षात ठेवलंय.
निश्चय : वेदनेपुढे हार मानायची नाही. पडून लढायचं.

२ एप्रिल
लढतोय. पाण्याचा ग्लाससुद्धा स्वतः घेत नाही. बायको म्हणाली, डॉक्टर दोन-चार दिवस म्हणाले होते ना. तिला सांगितलं, ते साधारण माणसांसाठी.

१९ मे
दहा आठवडे झाले. दुखणं कमी नाही, उलट वाढलं. आता शिंकलं तरी दुखतं. प्रेसमधली माझी खुर्ची नुसती आठवली तरी दुखतं. एमआरआय काढला. रिपोर्ट चांगला, वयाप्रमाणे थोडी झीज, बाकी काही नाही. डॉक्टर खूश. बायको खूश. माझ्या बाजूचं कोणीच नाही.

२३ मे
फिजिओबाईंकडे गेलो. लेकीच्या वयाच्या आहेत, पण बोलतात आजीसारख्या. म्हणाल्या, स्नायू कधीच भरून आलाय. पण तुमच्या नसा आणि मेंदू सावध राहायला शिकलेत. आग विझली तरी अलार्म बंद होत नाही, आता चहा ठेवला तरी वाजतो. मी विचारलं, म्हणजे मनाचे खेळ का? त्या म्हणाल्या, मुळीच नाही, दुखणं शंभर टक्के खरं आहे. फक्त जेवढं दुखतं तेवढी इजा आहे असं आता समजू नका. रोज दहा मिनिटं चाला. थोडं दुखलं तरी घाबरू नका. दर आठवड्याला थोडं वाढवा.
घरी येऊन सांगितलं, शंभर टक्के खरं आहे म्हणाल्या. बाकीचं तांत्रिक होतं.

२४ मे
चाललो. चार मिनिटं. सहा मिनिटं बाकावर बसलो. एकूण दहा.

२५ मे
ढग आले होते. चाललो नाही.

२६ मे
ढग नव्हते. ऊन होतं.

२१ जून
लेकीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. पहिलीच. म्हणाली, बाबा, खोली लावायला याल ना. मी तिला मज्जासंस्था समजावून सांगितली. अर्धा तास. ती ऐकून उठली आणि आत जाऊन सामान भरायला लागली. विषय पटला असावा.

४ जुलै
दोघी सकाळी गेल्या. बायकोने चार दिवसांचं जेवण फ्रीजमध्ये ठेवलंय, डब्यांवर वार लिहून. दुपारी तीनदा विव्हळलो. कोणी काय झालं म्हणून विचारलं नाही. चौथ्यांदा आवाज चढवला. शेजारच्या काकांनी टीव्हीचा आवाज चढवला.

५ जुलै
विव्हळलो नाही. एकट्याने मजा येत नाही. म्हणजे उपयोग होत नाही.

८ जुलै, संध्याकाळी
बायको आली. लिफ्ट बंद. खाली घ्यायला गेलो तर जिन्यापाशी उभी होती, उजवा खांदा धरून. हात वर जाईना. काय झालं विचारलं, तर म्हणाली, काही नाही, लेकीचं कपाट वर चढवलं दोघींनी. मजूर आलेच नाहीत.
मी तिची बॅग उचलली. तीन मजले. मधे दोनदा थांबलो, तेही तिच्यासाठी. वर पोचल्यावर कमरेचा अंदाज घेतला. दुखत होतं. रोज गादीवर पडून दुखतं तेवढंच. थोडंही जास्त नाही. हे फिजिओबाईंना कळवायची गरज नाही.
बायकोच्या खांद्याला बर्फ लावला. उद्या तिला फिजिओबाईंकडे नेणार, चालत. माझी दहा मिनिटंही होतील.
एवढ्यात लेकीचा फोन. आई नीट पोचली का विचारत होती. बायको म्हणाली, पोचले, बॅग बाबांनी वर आणली.
मग लेकीने विचारलं म्हणे, कोणाच्या बाबांनी.