मुगवड्यांची गारपीट

अकोला,
बुधवार, ऊन चव्वेचाळीस

तीर्थस्वरूप गोपाळकृष्णकाकांना रागिणीचा साष्टांग नमस्कार. (रागात आहे, तरी साष्टांगच. घरची रीत मोडत नाही.) मी बरी आहे, म्हणजे एप्रिलात अकोल्यात माणूस जेवढा बरा राहू शकतो तेवढी. तुमची शुगर आणि सिंधूकाकूंचे गुडघे कसे आहेत ते कळवावं. दुपारी जेवणं झाली की काकू भाजी निवडतात आणि तुम्ही आलेलं टपाल त्यांना मोठ्यानं वाचून दाखवता, ती पद्धत अजून चालू असेलच. हे पत्रही तसंच वाचावं, काही न गाळता. मध्ये खोकला आल्याचं निमित्त करून पान उलटायचं नाही.

तुमचं पत्र पोचलं. (सख्ख्या पुतणीले रजिस्टर एडी! बाप्पा बाप्पा!) वादळांमागे फिरणं सोड, परतवाड्याला खुशालरावांच्या कॉलेजात भूगोलाची जागा तुझ्यासाठी धरून ठेवली आहे, शुक्रवारपर्यंत होकार कळव, अन्यथा तुझं म्हणणं काही नाही असं समजण्यात येईल, असं तुम्ही लिहिता. तर माझं म्हणणं आहे, आणि ते ‘नाही’ असं आहे. पत्र इथंच संपलं असतं, पण वकिलाला कारणं लागतात.

तुम्ही विचारता, अमेरिकेसारखे टोर्नेडो आपल्याकडे येतच नाहीत तर तू अभ्यास कशाचा करतेस? काका, चिखलदऱ्याच्या डोंगरावरून जे उतरतं, आणि अर्ध्या तासात संत्र्याचा बगीचा झोडपून, टिनपत्रे उडवून, विजेचे खांब आडवे करून निघून जातं, त्याला इंग्रजी नाव नाही म्हणून ते आलंच नाही असं समजायचं का? मी त्याचाच अभ्यास करते. पगार तीन महिन्यांनी येतो, गाडी धक्का मारल्याशिवाय निघत नाही, आणि घरमालकीणबाई सगळ्यांना सांगतात की मी हवामान खात्यात ‘कारकून’ आहे. तरी करते.

आता गेल्या वर्षीची ती फजिती. तुम्ही तिला ‘आपल्या घराण्याची शोभा’ म्हटलंत, पण तुम्ही ऐकली अर्धीच. गारा मोजायची पद्धत अशी की थर्माकोलच्या पाटीवर चकचकीत ॲल्युमिनियमचा कागद ताणून बसवायचा आणि पाटी उघड्यावर ठेवायची. गार पडली की खळगा पडतो, खळगा मोजला की गार केवढी होती ते कळतं. अशा चोवीस पाट्या मी दर्यापूर, अंजनगाव, थेट अचलपूरच्या वेशीपर्यंत मांडल्या. मार्चमध्ये दर्यापूरकडची एक पाटी हाती आली, आणि काय सांगू! सात ओळी, प्रत्येक ओळीत नऊ खळगे, सगळे सुपारीएवढे, सगळ्यांमध्ये सारखं अंतर. इतकी शिस्तीची गारपीट आजवर कुठं नोंदलेली नव्हती. त्या दिवशी आभाळात ढग नव्हता, म्हणून तर मी जास्तच हुरळले. निबंध लिहिला, पुण्याच्या परिषदेत ऐटीत वाचला. मागच्या रांगेतल्या एक वयस्क बाई फोटोकडे बघत म्हणाल्या, कोपऱ्यात हे मुगाचं साल कसलं? सभागृह चहा येईपर्यंत हसत होतं, आणि चहा पितानाही हसलं.

मी तणतणत त्या गावी गेले. पाटी चतुराबाईंच्या गच्चीवर होती आणि चतुराबाई दुसऱ्या पाटीवर शांतपणे मुगवड्या घालत होत्या, एकेक अंगठ्यानं दाबून. मी जे बोलायचं ते बोलले. त्यांनी मान वर न करता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुयी पाटी साफ होती वं, धूळ नव्हती, म्हनून घातल्या. गारा आल्या असत्या तं म्या उचलल्या नसत्या का?” मी तोंड उघडणार एवढ्यात बाई ताडकन उठल्या. “उचला वं!” अशी हाक गेली आणि सगळी आळी गच्च्यांवर. आभाळ निळंशार, माझा मोबाईल म्हणतो पुढचे सहा तास कोरडे, आणि मी, डॉक्टरेट असलेली बाई, चादरीचं एक टोक धरून दुसऱ्याचे पापड घरात पळवून राहिली होती. पंचवीस मिनिटांनी गारा आल्या. खऱ्या, बेशिस्त.

कावून उठल्या, असं विचारलं तर म्हणाल्या, वारा पडला अन् घोट्यांले थंड लागलं. (वादळाच्या पोटातली थंड हवा जमिनीलगत पुढे सरकते, हे समजायला मला चार वर्षं आणि एक शिष्यवृत्ती लागली होती.) मग मी या वर्षी काय केलं ते ऐका. तेवीस पाट्यांमागे एकेक वाळवणवाली बाई धरली. वाळवण उचललं की मला एक मिस्ड कॉल द्यायचा, बस्स. कॉल आले त्या क्रमानं नकाशावर टिंबं दिली की वादळ कुठून कुठं, किती वेगानं चाललं ते दिसतं, आणि पुढच्या गावाला वेळेवर सांगता येतं. अकरा वादळांपैकी नऊ वादळं बायांनी आधी धरली. एकदा कौशल्याबाईंचा कॉल आला तो गच्चीवर वांदरं आली म्हणून, पण तेवढं चालायचंच.

सोमवारी समिती आली होती. पापडावर संशोधन चालतं काय, असं एका साहेबांनी नाक मुरडून विचारलं. मी म्हटलं, तुम्ही तुमचं यंत्र आणा, मी चतुराबाईंना आणते, आधी कोण उठतं ते पाहू. समितीचं म्हणणं, चोवीस जागा पूर्ण भरल्या तर काम पुढे तीन वर्षं चालेल, नाही तर याच शुक्रवारी बंद. बंद झालं तरी खुशालरावांकडे येणार नाही. नकाशात नद्या रंगवायला मी जन्मले नाही.

राहिलं तुमच्या अदितीच्या लग्नाचं. मी गेले की वादळ येतं, असं तुम्ही अख्ख्या कोर्टात सांगता. मांडव उडाला, मठ्ठ्याचं पिंप गडगडलं, खुशालरावांचा फेटा तिसऱ्या दिवशी सापडला. पण मी आठ दिवस आधी सांगितलं होतं की नाही? तुम्ही म्हणालात, कोर्टाची तारीख बदलते, मुहूर्त बदलत नाही. असो. मोठ्यांपुढे जास्त बोलू नये, म्हणून आठ पानांवर थांबते.

तुमची हट्टी पुतणी,
रागिणी

ता. क. एक : रिकामी राहिलेली चोविसावी जागा अचलपूरची, म्हणजे तुमच्याच गच्चीची आहे. डोंगरावरून वादळ उतरतं ते आधी तिथं. तिथून हाक आली नाही तर खालच्या सगळ्या गावांना उशीर होतो. मला सिंधूकाकू पाहिजेत. गुडघ्यांचं कारण सांगू नका, पापडांसाठी त्या रोज गच्चीवर चढतात हे मला ठाऊक आहे.

ता. क. दोन : काका, थांबू नका, वाचा. किती ता. क. आहेत ते मी काकूंना फोनवर सांगून ठेवलं आहे. तीन.

ता. क. तीन : मी आठ दिवस आधी सांगितलं होतं हे खरं, पण संध्याकाळी साडेसहा असं सांगितलं होतं. वादळ आलं पाच वाजून दहा मिनिटांनी. पाच वाजता काकूंनी ‘चला, बांगड्या भरायच्या आहेत’ म्हणून सगळ्या बायापोरांना घरात घेतलं. बांगडीवाला आलाच नव्हता, काका. तुम्ही मांडवाचा खांब धरून उभे होतात, तुम्हाला दंडाला धरून त्यांनीच ओढलं, आणि मग तो खांब पडला. त्या दिवशी माझ्या अंदाजावर राहिलो असतो तर आज हे पत्र मी कोणाले लिहिलं असतं? काकू, घोट्यांना थंड लागलं की मला एक मिस्ड कॉल द्या. काकांना नंतर सांगितलं तरी चालेल.