तिरसट : अर्थ आणि उपयोग

३ जून, मंगळवार
शब्दकोशाच्या ऑफिसात संपादकबाईंनी आज मला ‘तिरसट’ हा शब्द दिला. अर्थ आणि तीन उदाहरणं, डेडलाइन शुक्रवार. म्हणाल्या, हा शब्द तुमच्याइतका कुणालाच जमणार नाही. अखेर कदर झाली!

संध्याकाळी
लेकीला तिचा मित्र घरी आणायचाय. लग्नाचं चाललंय. दातांचा डॉक्टर आहे. म्हणाली, बाबा, तुम्ही शांत असाल त्या दिवशी आणते. मी म्हटलं, मी कायम शांतच असतो. दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं. रविवार ठरला.
संकल्प : तोवर आवाज चढवायचा नाही. (गरज नाही, पण असावा.)

४ जून
अर्थ लिहिला : ‘क्षुल्लक कारणावरून वसकन अंगावर येणारा.’ झकास! उदाहरणं टायपिस्टला विचारली. पठ्ठ्यानं उभ्या उभ्या चार दिली. चारही ‘आमचे साहेब’पासून सुरू. कल्पनाशक्तीचा दुष्काळ! तसं त्याला शांतपणे सांगितलं. पाणी प्यायला गेला तो आलाच नाही.

५ जून
बायकोला विचारलं, तिरसट आणि तुसडा यांत फरक काय? भाजी चिरता चिरता म्हणाली, तुसडा बोलत नाही; तिरसट बोलतो, आणि वाटतं, नसता बोलला तर बरं. वा! हे सुचलं कुठून, विचारलं. नुसती बघत राहिली.

६ जून
बाईंनी ‘क्षुल्लक कारणावरून’ खोडून ‘कारण नसतानाही’ केलं. मी नम्रपणे मुद्दा मांडला. शाईची दौत पडली ती टेबल डुगडुगतं म्हणून. व्याकरणवाल्यांनी दार लावून घेतलं. एसी फार असावा.

८ जून, रविवार, रात्री ८
मुलगा आला. गोड आहे. मी लोण्याहून मऊ. एकदाही आवाज नाही! मग तो पाणी आणायला उठला. स्वयंपाकघराच्या दिव्याचं बटण फ्रिजमागे आहे, पाहुण्यांना कधी सापडत नाही. यानं न बघता दाबलं. वरच्या फळीवरून स्टीलचा ग्लास काढला, तोही बरोबर.
मी विचारलं, कसं काय?
लेक नखं बघू लागली. बायकोनं सांगून टाकलं : वर्षभर दर बुधवारी तो आपल्याकडे जेवतो. बुधवारी तुम्हाला ऑफिसात उशीर होतो ना, म्हणून.
बिचारा तोच म्हणाला, काका, या बुधवारी तुम्हीपण लवकर या ना.
मी विचारलं, चालेल?
तिघं एकमेकांकडे बघू लागले.