एकशे अठरा मॉड आणि एक कॅसोवरी

२ जुलै

पक्षी अजून रानटीच! सकाळपासून सहा वेळा झालं. लाइल हातात पपई घेऊन जातो, शहामृगासारख्या त्या कॅसोवरीसमोर उभा राहतो, पपई खाली ठेवतो — आणि परत येऊन जेवायला बसतो. पक्षी पपई खातो. मग आमचा मका खातो.

लाइल म्हणजे खेळातला. माझा लाइल जाऊन सहा आठवडे झाले. कॉम्प्युटरवरच्या या वसाहतीत अकरा माणसं आहेत. त्यातल्या एकाला त्यानं स्वतःचं नाव दिलं, एकीला माझं. खेळातली व्हर्ना बारीक आहे आणि कमी बोलते. एवढं सोडलं तर हुबेहूब मी.

शेवटच्या दिवशी हॉस्पिटलात त्यानं विचारलं, "पक्षी माणसाळला का गं?" मी म्हटलं, "कालच." एकतीस वर्षांत त्याच्याशी एवढं एकच खोटं बोलले. ते खरं करायचंय. बाकी काही नको.

३ जुलै

वसाहतीत नऊ दिवसांचं धान्य उरलंय. त्यानंतर उपासमार. या खेळात मागे फिरायची सोय नाही, लाइलनं तसंच लावून ठेवलंय. मेला तो मेला.

शेजारची पीना कुंपणावरून ओरडली, "अगं, गोळी घाल आणि मोकळी हो! आपल्या रानातल्या खऱ्याला हात लावलास तर तुरुंगात जाशील, हा तर खोटा आहे!"

"लाइलला तो पाळायचा होता."

"लाइलला काय, मगरसुद्धा पाळायची होती!"

खरं आहे ते. नाव पण ठरवलं होतं.

४ जुलै

हा खेळ खेळणाऱ्यांचा इंटरनेटवर एक अड्डा आहे. तिथं सगळी हकीकत लिहिली, दोन पानं. एकाचंच उत्तर आलं. नाव 'चिखलातला बेडूक'. लिहितो, "आजी, लॉग टाका. लॉगशिवाय काही कळत नाही."

आजी! वय कुठं लिहिलं होतं मी? शेवटी 'आपली नम्र' लिहिलं, त्यावरून असेल.

लॉग म्हणजे आत काय काय झालं ते खेळ स्वतःच लिहून ठेवतो, ती वही. माझ्यासारखीच सवय! उघडली. चार हजार ओळी, अर्ध्या लाल. डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचायला बसले. चौदाव्या वर्षी शाळा सुटल्यापासून जे काही वाचलं ते असंच. चाळिसाव्या ओळीला चष्मा काढला.

५ जुलै

बेडकानं मॉडची यादी मागितली. मॉड म्हणजे लोकांनी घरी करून खेळात घातलेल्या जोडण्या — नवे पक्षी, नव्या चुली, नव्या टोप्या. लाइलनं एकशे अठरा घातल्यात. यादी पाठवली.

"आजी!! ही यादी अकारविल्हे कोणी लावली?"

"मी."

"का?!"

का म्हणजे? सोळा वर्षं दर मंगळवारी लायब्ररीत कपाटं लावते आहे. पसारा दिसला, लावून टाकला! आता सांगतो की मॉड ज्या क्रमानं लिहिलेत त्याच क्रमानं खेळात शिरतात, आणि तो क्रम लाइलनं ठरवलेला होता. तरीच गेल्या आठवड्यापासून वसाहतीत कोणाच्याही अंगावर पँट नव्हती. मला वाटलं, खेळात उन्हाळा असेल.

लाइलच्या जुन्या कागदावरून क्रम पुन्हा लावला. पँटी परत आल्या. पक्षी रानटीच.

६ जुलै

पीनाच्या परसात खरा कॅसोवरी येऊन तिच्या तीन पपया खाऊन गेला. पीना धुण्याच्या खोलीत दार लावून बसली होती. मी गोळीचा विषय काढला नाही.

७ जुलै

बेडूक म्हणतो, अर्धे मॉड बंद करा आणि बघा. दुखणं गेलं, तर ते त्या अर्ध्यात. नाही गेलं, तर उरलेल्यात. मग त्याचे अर्धे. "पण आधी वसाहतीच्या फाइलची वेगळी नक्कल काढा, आजी. अस्सलवर हे करू नका!"

नक्कल काढली. एकोणसाठ बंद केले. त्यात कॅसोवरीला शांत ठेवणारा मॉडही गेला. लाइल पपई घेऊन गेला, पक्ष्यानं एकच लाथ मारली. मेला.

नक्कलच होती. अस्सल लाइल शेजारच्या फाइलमध्ये सुखरूप झोपलेला, मी जाऊन पाहिला. तरी रडले. पीना आली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोनदा मेला? हे मात्र अगदी लाइलसारखं." मग दोघी हसलो. तिनं आणलेला लझान्या सगळा संपवला.

९ जुलै

धान्य तीन दिवसांचं. एकोणसाठ, तीस, पंधरा, सात, चार, दोन, एक. सापडला!

करणाऱ्याचं नाव नाही. कुठून उतरवलेला नाही. लाइलनं स्वतः केलेला दिसतो. बेडकाला पाठवला.

१० जुलै

बेडकाचं उत्तर जसंच्या तसं उतरवते.

"यात शोकाचा सगळा तक्ताच खोडलाय, आजी. खेळात जोडीदार मेला की मागं राहिलेल्याचं मन वीस गुणांनी खाली जातं. ते काढलंय. त्याबरोबर जनावरांचंही गेलं. पक्षी माणसाळताना खेळ बघतो की उद्या धनी मेला तर पक्ष्याला किती दुःख होईल. तिथं काहीच सापडत नाही, म्हणून खेळ ते काम सोडून देतो. असलं वेड्यासारखं काम केलं कोणी?"

"माझ्या नवऱ्यानं. मे महिन्यात वारला."

मग — "माफ करा, आजी. चांगलं केलंय त्यांनी. पण पक्षी हवा असेल तर हे काढावं लागेल. शोक परत येईल, सगळ्यांचा."

दिवसभर काढलं नाही. चादरी धुतल्या. स्वच्छ होत्या, तरी धुतल्या.

११ जुलै

काढलं. लाइलनं पपई पुढं केली, कॅसोवरीनं ती हातातून घेतली आणि मक्याला चोच न लावता त्याच्या मागोमाग अंगणात आला.

मॉड टाकून देण्याआधी त्यावरची तारीख पाहिली. ९ नोव्हेंबर. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून त्याच्या आजाराचं सांगितलं ते फेब्रुवारीत. मला वाटलं, दोघंही पहिल्यांदाच ऐकतोय.

नोव्हेंबरातच तो एका दुपारी म्हणाला होता, "खुर्ची ओढ गं इकडे. तुलाही हा खेळ शिकवतो."