बाळंतिणीची खोली

१७ डिसेंबर १७८७, सोमवार

ह्यांनाच निवडलं! बॉस्टनच्या सभेला आमच्या गावाकडून हेच जाणार. खोगिरं शिवणारा माणूस, चारचौघांत उभं राहून 'यंदा बर्फ फार' एवढं म्हणतानाही ज्याची जीभ अडखळते — तो आता साऱ्या देशाच्या घटनेवर मत देणार.

गावसभेत बायकांना जागा नाही, त्यामुळे मला कळलं ते झेडॉककडून. झेडॉक माझा धाकटा भाऊ, गावचा लोहार. भट्टीवरून तसाच काळ्या हातांनी सभेला गेला आणि तसाच सांगायला इकडे आला. नाव त्यानेच सुचवलं म्हणे. "ताई, मी सरळ उभा राहिलो. म्हटलं, ह्या नव्या घटनेत कर आहे, फौज आहे, सगळं आहे, फक्त माणसाच्या घराच्या दाराचं काही नाही. आणि गेल्या फेब्रुवारीत फौज कुणाच्या दारातून घुसली? आमच्या दाजींच्या. मग बोलायला दुसरं कोण जाणार?" सगळ्यांनी हात वर केले. गावाने बजावूनही सांगितलं — घटनेला हक्कनामा जोडलेला नसेल तर आमच्या गावाचं मत नकाराचं.

हे धड जेवलेही नाहीत. दडपण आलं असेल.

मला तर आज एका जागी बसवत नाही. विणायला घेतलं, टाके सुटले. उसवलं. पुन्हा घेतलं, पुन्हा सुटले.

२० डिसेंबर

मामंजी जेवताना पुन्हा काकवीच्या पिंपांवर घसरले. बॉस्टनला त्यांचं दुकान होतं तेव्हा राजाचे जकातवाले तळघरात शिरले, पिंपं फोडली, गुडघाभर काकवी झाली. माझं लग्न झालं तेव्हा काकवी घोट्यापर्यंतच होती. पण जकातवाल्यांच्या हातातल्या झडतीच्या कागदाबद्दल बोलताना त्यांचा आवाज अजून थरथरतो. "त्या कागदावर नाव नाही, घर नाही, काय शोधतोय तेही नाही. कुठेही शिरा, काहीही उघडा! त्यासाठी भांडलो आपण राजाशी. चहासाठी नाही."

मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, राजाच्या माणसांकडे कागद तरी होता. आपल्या माणसांनी तोही आणला नाही."

खरं आहे. म्हणून तर मला राजापेक्षा आपल्याच माणसांचा राग जास्त येतो.

आज लिहूनच टाकते. गेल्या फेब्रुवारीत करांपायी बंड पुकारलेल्या शेतकऱ्यांच्या मागावर सरकारने फौज धाडली होती. बर्फाच्या वादळातून चालत ती आमच्या गावात आली. मी बाळंतिणीच्या खोलीत होते. चुलीच्या पाठीला लागून असलेली ती एवढीशी खोली, कडाक्याच्या थंडीत घरात ऊब राहते ती तेवढ्याच जागेत. माझ्या सासूबाईंची बाळंतपणं तिथेच झाली. माझी लेक रोडा आठवड्याचीही नव्हती. अंगणात आवाज, मग स्वयंपाकघरात बूट, आणि दार उघडून चार पोरं आत — पाय गारठून काळेनिळे पडलेले. हल्डाकाकू सुईण अजून घरातच होत्या, त्यांनी आम्हा दोघींना घोंगड्यात गुंडाळून माळ्यावर नेलं. माळ्यावर कुंड्यातलं पाणी गोठायचं. खाली माझ्या अंथरुणावर सैनिक झोपले.

फौज गेली. मागोमाग रोडा गेली.

मी ह्यांना विचारलं होतं, तुम्ही अडवलं का नाही? म्हणाले, "फौजेपुढे कुणाचं चालतं?" ते तरी काय करणार होते!

त्या खोलीत आता मी भोपळे ठेवते.

४ जानेवारी १७८८

भाषणाची तयारी करून घेतली. ह्यांना चुलीपुढे उभं केलं, मी आणि मामंजी बाकावर, बॉस्टनची सभा म्हणून. वाक्यं मी जुळवून दिली, थोडकीच. "सभ्य गृहस्थहो, मी खोगिरं शिवतो. मला कायदा कळत नाही. पण शांततेच्या काळात, न विचारता, दार ढकलून फौज माझ्या घरात शिरली आणि माझी मुलगी गेली. हे पुन्हा होणार नाही असं ह्या घटनेत कुठे लिहिलंय ते मला दाखवा."

"मला कायदा कळत नाही" इथपर्यंत छान येतं. 'न विचारता' आलं की गाडं अडतं. तीनदा अडलं. मामंजी म्हणाले, "अरे, घोड्यालासुद्धा इतक्या वेळात तुझं वाक्य पाठ झालं." हे हसले नाहीत. पांढरे पडले होते.

मला रडू आलं. रोडाचं दुःख फक्त मलाच आहे असं मी वर्षभर धरून चालले होते. ह्यांचा हात हातात घेतला. त्यांनी तो सोडवून घेतला आणि घोड्याला बघायला गेले.

६ जानेवारी

गेले. बर्फावरच्या गाडीतून, शेजारगावच्या प्रतिनिधीबरोबर. चीज, खारवलेलं डुकराचं मांस, सफरचंदाच्या सायडरचा बुधला बांधून दिला. निघताना म्हटलं, "आवाज चढवा. शेवटच्या बाकापर्यंत जायला हवा." मान हलवली.

१५ जानेवारी

निरोप नाही.

२३ जानेवारी

वाल करपले. करपणारच, मी खिडकीशी होते. बॉस्टनकडून येणाऱ्याला आमच्या दारावरूनच जावं लागतं, पण जो येतो तो दुसरंच काही सांगतो. एक म्हणाला नकारवाले जास्त आहेत. दुसरा म्हणाला मोठमोठे वकील घटनेच्या बाजूने असे बोलतात की साधा माणूस उठायलाच धजत नाही. खोगीरवाल्या लूमिस यांचं भाषण ऐकलं का, असं विचारलं. लूमिस कोण, म्हणाला.

३१ जानेवारी

झोप नाही. दिवसाही घरभर फिरते. भोपळ्यांच्या खोलीत उगाच जाऊन येते.

१० फेब्रुवारी, रविवार

घटना मंजूर झाली. थोडक्या मतांनी.

झेडॉक वर्तमानपत्र घेऊन आला. मतं नावानिशी छापली आहेत, होकाराची वेगळी, नकाराची वेगळी. मी नकाराच्या नावांत शोधत होते. झेडॉकने बोट दुसऱ्या बाजूला ठेवलं.

असाहेल लूमिस. होकार.

"दुसरा कुणी लूमिस असेल," मामंजी म्हणाले.

"आपल्या गावाचं नाव आहे पुढे, काका," झेडॉक म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

१२ फेब्रुवारी

आले. मी ताट वाढलं. त्यांनी खाल्लं. मग मी विचारलं.

"मोठ्या लोकांनी तोड काढली," म्हणाले. "आधी मंजूर करायचं, सोबत दुरुस्त्यांची शिफारस पाठवायची. नऊ दुरुस्त्या गेल्यात, केझाया. बऱ्याच नकारवाल्यांनी त्यावर मत फिरवलं."

"आपल्या दाराची कितवी?"

त्यांनी ताट बाजूला सरकवलं.

"नऊमध्ये नाही?"

"नाही."

"तुम्ही उठून बोललात?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"उठलो होतो एकदा," म्हणाले. "मग बसलो."

त्यांचा एवढा तिटकारा मला आजवर कधी आला नव्हता. लिहायलाही लाज वाटते, पण आला. भित्रा माणूस! मुलीसाठी एक वाक्य म्हणवलं नाही. मी माळ्यावर निजायला जाते आहे.

१७ फेब्रुवारी, रविवार

प्रार्थनेला आमच्या बाकाकडे कुणी वळून पाहिलं नाही. हल्डाकाकूंनी तेवढं माझ्या खांद्यावर हात ठेवला. गावसभेत परतलेल्या प्रतिनिधीचे आभार मानायची रीत आहे, ती यंदा गाव विसरलं. बाहेर पडताना झेडॉक ह्यांना म्हणाला, "दाजी, नालांना आता दुसरा लोहार बघा." ह्यांनी मान खाली घातली. निदान भांडायचं तरी!

९ मार्च

बोलत नाही आम्ही. मीठ, लाकडं, मामंजींचं औषध — एवढंच.

५ जुलै

शेजारच्या न्यू हॅम्पशर राज्याने मंजुरी दिली, आणि त्यांच्या मागण्यांत चक्क ते आहे — शांततेच्या काळात खाजगी घरात फौज ठेवायची नाही. झेडॉक मुद्दाम सांगायला आला. ज्यांना माझ्या रोडाचं नावही माहीत नाही त्यांनी मागितलं, आणि तिच्या बापाने नाही. मला आनंदही झाला आणि जीव जळलाही. दिवसभर हातात काम धरवलं नाही.

२ नोव्हेंबर

ह्यांनी रोडाच्या थडग्याभोवती दगड लावले. मला न सांगता. मी दुरून पाहिलं. फार वेळ तिथेच उकिडवे बसले होते.

माळ्यावर आता पुन्हा थंडी सुरू झाली. मी खाली आले.

१४ मे १७८९

लिहायचं राहूनच जातं. मला दिवस गेलेत. हल्डाकाकू म्हणतात, ऑक्टोबरअखेर. ह्यांना सांगितलं तर तिथेच ओट्यावर बसले आणि रडले. मीही थोडं हसले त्यांना. सव्वा वर्ष एका माणसावर रागावून राहणंही अंगमेहनतीचंच काम आहे, थकले मी.

२८ सप्टेंबर

भोपळे बाहेर काढले. खोली घासली. मामंजी म्हणतात, झेडॉकला सांगून खिडकीची बिजागरी बदलून घे. पण झेडॉक अजून ह्यांच्यासमोर येत नाही. मला मात्र त्या खोलीत पाऊल ठेवलं की धडधड सुटते. सारखं वाटतं, बूट वाजताहेत. हल्डाकाकू म्हणाल्या, "पोरी, फौज आता कुठे आहे? नीज निवांत." सांगायला काय जातं!

११ ऑक्टोबर, रविवार

आलं! शेवटी आलं!

नवी काँग्रेस, म्हणजे साऱ्या देशाची कायदे करणारी सभा, हक्कनामा जोडणार आहे. मसुदा वर्तमानपत्रात आलाय, आता राज्यांनी मान्य करायचा. झेडॉक दीड वर्षाचा राग विसरून धावत आमच्या स्वयंपाकघरात शिरला आणि उभ्यानेच वाचायला लागला. नाव-गाव नसलेला झडतीचा कागद चालणार नाही, कुठे शिरायचं आणि काय शोधायचं ते त्यावर लिहिलेलं हवं. मामंजींनी ते तीनदा वाचून घेतलं. "माझी काकवी," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसत बसले.

आणि त्याच्याच आधी आमचं. शांततेच्या काळात मालकाच्या संमतीशिवाय कुठल्याही घरात सैनिक ठेवता येणार नाही.

मी झेडॉकच्या हातून वर्तमानपत्र घेतलं. खाली बसले. किती साधं वाक्य, आणि किती उशिरा! झेडॉकने ह्यांच्यापुढे हात केला. "दाजी, तुम्ही म्हणाला होतात दुरुस्त्या होतील. झाल्या. माझंच चुकलं." ह्यांनी हात मिळवला, पण नजर दिली नाही.

पिठाच्या पारीत भोपळ्याचा गोड गर भरून भाजला. मामंजींनी दोनदा घेतला.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, चला, त्या खोलीत बसून मला ते वाक्य वाचून दाखवा. रोडालाही ऐकू जाऊ दे. आले. पलंगाच्या कडेला बसले. "शांततेच्या काळात" इथपर्यंत वाचलं. पुढे जाईनात. मी म्हटलं, वाचा ना — मालकाच्या संमतीशिवाय. कागदाची घडी घातली आणि उठून गेले.

जाऊ दे. जड जात असेल. बोलण्याचं अंगच नाही त्यांना. मी स्वतःच वाचलं, मोठ्याने. किती दिवसांनी त्या खोलीत धडधडलं नाही.

१२ ऑक्टोबर

असाहेलने आज सांगितलं. चुलीशी लाकडं रचताना, माझ्याकडे पाठ करून. फौजेचा तो लेफ्टनंट म्हणजे पोरगाच होता. अंगणात टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, मालक, माझ्या माणसांची पायाची बोटं गळायला आलीत, आत घेता का? "मी हो म्हणालो, केझाया. उबेची खोली कुठली तेही मीच दाखवलं."

मी म्हटलं, "मला विचारायचं होतं."

तो वळला. त्याने खरंच विचार केला. म्हणाला, "तुला? सुचलंच नाही."

म्हणजे मालकाची संमती होती. हा कायदा त्या दिवशी असता, तरी मोडला नसता.

झेडॉकला निरोप धाडलाय. बिजागरी राहू दे. बाळंतिणीच्या खोलीला कडी हवी. आतून.